जुन्या घराचे लाकूड आणि नवा दिवाणखाना : पारंपरिक ठेवावा की क्लासिक?

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातले आमचे आजोबांच्या काळातले कौलारू घर आता उतरवावे लागणार आहे. मातीच्या भिंतींत पावसाचे पाणी मुरून मागची बाजू खचली आहे आणि ती दुरुस्तीपलीकडे गेली आहे, असेच पाहणाऱ्या सगळ्यांचे मत पडले. सोप्यातले, म्हणजे पुढच्या उघड्या ओसरीतले, चार सागवानी खांब, त्यांवरच्या तुळया, वरचा कडीपाट (लाकडी छत), गणेशपट्टी (गणपती कोरलेली आडवी पट्टी) असलेली दाराची चौकट आणि वेताने विणलेली एक शिसवी आरामखुर्ची एवढे सामान मात्र धडधाकट आहे. ते विकून टाकायला घरात कोणाचीच तयारी नाही.

बेळगावात टिळकवाडीला आमच्या नव्या घराचे काम सुरू आहे. स्लॅब पडला आहे, गिलावा व्हायचा आहे. दिवाणखाना 14 फूट बाय 18 फूट असून उंची 10 फूट आहे. त्याच्या 14 फुटी बाजूला लागून जेवणाची जागा आहे आणि मध्ये भिंत नाही. हे लाकूड वापरून खोलीला सोप्याचे रूप द्यावे, असे मला वाटते. धाकट्या भावाला क्लासिक पद्धत आवडते. भिंतींवर चौकटीचे मोल्डिंग, उंच पाठीचे सोफे, मखमली पडदे आणि मधोमध झुंबर अशी त्याची कल्पना आहे. आईला गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, पण झोपाळा हवाच, असा तिचा आग्रह आहे. दोन्ही आवडी एका खोलीत सांभाळता येतील का, आणि हे लाकूड नेमके कसे वापरावे, याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

तळखडा

गिलावा होण्याआधी आपण विचारलेत, हे फार बरे केलेत. मी याच भागात बांधकामाच्या व्यवसायात आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

खांब कुठे उभे करायचे, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवावा आणि सोप्याला त्याचे रूप कशाने येते, ते आधी पाहावे. आपल्याकडचा सोपा पुढून अंगणाकडे उघडा असतो आणि कौलांचा उतार पुढे बराच खाली आलेला असतो. त्यामुळे उजेड वरून पडत नाही, अंगणातून परावर्तित होऊन खालून आत येतो. बसणारा माणूस जमिनीलगत असतो, म्हणून कोनाडे बसल्या जागी हाताला लागतील असे आणि खिडक्या खालपासून सुरू होणाऱ्या असतात. सगळी खोली बसलेल्या माणसाच्या मापाने बांधलेली असते. आजच्या घरांत खिडकी जमिनीपासून 3 फुटांवर सुरू होते आणि छतावरचा पांढरा दिवा खोलीतली प्रत्येक वस्तू सपाट करून टाकतो. अशा खोलीत जुने खांब आणून लावले, तर ते नवख्या पाहुण्यासारखे अवघडून उभे राहतात. तेव्हा सर्वांत पहिला खर्च खिडकीवर करावा. आपले बांधकाम कॉलम-बीमचे असेल, तर मधली भिंत केवळ भरावाची असते आणि इंजिनिअरच्या संमतीने खिडकी दीड फुटापर्यंत खाली आणता येते. तिच्या आत 16 ते 18 इंच उंचीचा, दोन फूट रुंद कट्टा बांधून घ्यावा. त्यावर गादी आणि लोड ठेवले की बैठकीची बैठक होते आणि आपल्या आईंनाही उठताबसता त्रास होत नाही.

आता खांब. चारही खांब या खोलीत घालू नयेत, चालायला जागा उरणार नाही. दोन खांब दिवाणखाना आणि जेवणाची जागा यांच्या सीमेवर उभे करावेत आणि त्यांवर एक तुळई आडवी टाकावी. सोप्याचे खांब बहुधा सात-साडेसात फुटांचे असतात, म्हणजे तुळईच्या वर दीड-दोन फूट जागा उरेल. ती प्लायवूडने बुजवू नये. मोकळी ठेवली तर उजेड आरपार जातो आणि तुळई ही तुळईच आहे, हे डोळ्यांना कळते. उरलेले दोन खांब बाहेरच्या पोर्चला द्यावेत.

खांब आणताना त्यांच्याखालचे दगड गावी सोडून येऊ नयेत, हे मी आग्रहाने सांगतो. लाकूड तळाच्या कापलेल्या तोंडाने पाणी सर्वांत लवकर ओढून घेते. तळखडा, म्हणजे हा खालचा दगड, खांबाला जमिनीच्या ओलीपासून वर उचलून धरतो. आपल्या घरातला तळखडा उलटून पाहिलात, तर त्याच्या डोक्यावर मधोमध एक खाच दिसेल आणि खांबाच्या तळाला तिच्यात बसणारा खुंट कोरलेला असेल. तो खुंट करवतीने उडवून खांब थेट टाइल्सवर चिकटवलेली घरे मी पाहिली आहेत. लादी पुसतानाचे पाणी दर दिवशी थोडे थोडे वर चढते आणि काही पावसाळ्यांत बुंधा काळा पडतो. वजनाची चिंता मात्र नको. आठ इंची चौरस, साडेसात फुटी सागवानी खांब साधारण 60 किलोंचा भरतो. तळमजल्याला त्याचे ओझे नाही.

गणेशपट्टीची चौकट मुख्य दाराला लावण्याचा मोह होईल. जुन्या चौकटी बहुधा साडेपाच-सहा फुटांच्या असतात आणि त्यांतून वाकून आत जावे लागते. ती देवघराला लावावी, तिथे वाकणे शोभते.

रंधा

तळखडा यांनी खांबांचे सांगितलेच आहे. आमच्या घरात सुतारकाम पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे, म्हणून लाकडाविषयी लिहितो.

घर उतरवताना जेसीबी लावू देऊ नका. कौले, रिपा, वासे, कडीपाट, तुळया आणि शेवटी खांब असे वरून खाली, हाताने उतरवावे. उतरवण्याआधी प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना खडूने एकच खूण करावी, म्हणजे कोणती तुळई कोणत्या खांबावर बसत होती, हे नंतर शोधत बसावे लागत नाही. जुन्या लाकडात हातघडाईचे खिळे आत तुटून राहिलेले असतात. लोहचुंबक फिरवून ते काढल्याशिवाय गिरणीत लाकूड नेऊ नये, कारण पट्टा तुटतो आणि माणसालाही इजा होते.

सागवान आहे म्हणजे वाळवी लागणार नाही, हा समज अर्धाच खरा आहे. सागाचा आतला गाभा वाळवीला दाद देत नाही, परंतु सालीलगतचे फिकट लाकूड ती खाते. पातळ पटाशीने टोचून पाहावे आणि भुसभुशीत लागेल तेवढा भाग तासून टाकावा. पिठासारखी बारीक पूड गळत असेल, तर ते भुंग्याचे काम समजावे आणि ते लाकूड औषध दिल्याशिवाय नव्या घरात आणू नये.

जुना तेलरंग काढण्यासाठी काही जण कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात लाकूड बुडवतात. काम झटपट होते, पण साग काळवंडतो, त्याचे तेल जाते आणि सांधे सैल होतात. गरम हवेच्या यंत्राने रंग फुगवून खरवडावा आणि नक्षीत बोथट पात्याने, सावकाश काम करावे. वरून कोणते पॉलिश करावे, हे वस्तू पाहून ठरवावे. आरामखुर्चीला चपडी लाखेचे, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे, कापसाच्या पुरचुंडीने थरावर थर चढवलेले पॉलिश द्यावे. त्याची झळाळी दुसऱ्या कशाला येत नाही आणि ओरखडा उठला तर तेवढ्याच जागी पुन्हा हात फिरवता येतो. मात्र त्यावर गरम पेला ठेवला किंवा पाणी साचले, तर पांढरा डाग उठतो. म्हणून खांबांना आणि पोर्चमधल्या लाकडाला ते नको. तिथे अळशीचे तेल चोळून मुरवावे आणि वरून मेण द्यावे. पोर्चमध्ये हे दर पावसाळ्याआधी पुन्हा करावे लागेल.

कॅम्प परिसर

आपल्या बंधूंची बाजू कोणी घेतलेली दिसत नाही, म्हणून लिहितो. क्लासिक पद्धत म्हणजे सोनेरी रंग आणि जाड कंगोरे, असे चित्र जाहिरातींमुळे तयार झाले आहे. तिचे मर्म प्रमाणात आणि समतोलात आहे. खोलीला एक मध्यरेषा असते, तिच्या दोन्ही बाजूंना समान वजनाच्या वस्तू येतात. भिंतीवरची पट्टी जमिनीपासून साधारण अडीच-तीन फुटांवर असते, कारण खुर्चीची पाठ भिंतीला तिथे घासते. मोल्डिंगची पट्टी मुळात भिंतीच्या रक्षणासाठी आली आहे. आपल्या बेळगावच्या कॅम्पमधल्या (लष्करी छावणीतल्या) ब्रिटिशकालीन बंगल्यांकडे पाहा. रुंद व्हरांडा, उंच छप्पर, मंगलोरी कौले आणि साध्या पांढऱ्या भिंती. युरोपीय मांडणी या हवेत आली, तेव्हा तिने आपला पुष्कळसा साज उतरवून ठेवला. ती कौलेही अशीच दोन्हीकडची आहेत. बासेल मिशन या युरोपीय मिशनरी संस्थेने 1865 मध्ये मंगळुरात कारखाना काढला आणि ती कौले इतकी रुजली की आज आपण त्यांनाच पारंपरिक म्हणतो.

दोन्ही शैली एकत्र नांदू शकतात, याचा मोठा दाखला कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यात आहे. ब्रिटिश वास्तुरचनाकार मेजर मँट यांच्या आराखड्यानुसार 1877 ते 1884 या काळात तो काळ्या दगडात बांधला गेला. त्याच्या दरबारात रंगीत काचांचे तंत्र आणि मांडणी युरोपीय आहे, पण त्या काचांवर प्रसंग आहेत ते शिवचरित्रातले. समतोल ही काही परकी गोष्ट नाही, हे पाहायचे असेल तर आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली 1204 सालची कमलबस्ती (जैन मंदिर) पुन्हा एकदा पाहून या. छताच्या मधोमध एकच कमळ आहे आणि मंडपात उभे राहिले की डोळा आपोआप तिथेच जातो.

म्हणून माझी सूचना अशी की मांडणी क्लासिक ठेवावी आणि सामान घरचे वापरावे. खिडकीचा मध्य आणि दोन खांबांमधला मध्य एका रेषेत आणावा, बैठक आणि खुर्च्या त्या रेषेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर मांडाव्यात. 10 फुटी छताला आठ इंची प्लास्टरचा कंगोरा देऊ नये, छत डोक्यावर आल्यासारखे वाटते. दोन-तीन इंची साधी पट्टी पुरे. खांबांना गडद अक्रोडी रंग दिला, तर ते सोफ्यांशी मिळतेजुळते होतील.

रंधा

शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. जुन्या सागाचा मधाळ तपकिरी रंग वर्षानुवर्षांच्या धुराने, तेलाने आणि हातांच्या स्पर्शाने आलेला असतो. त्यावर अक्रोडी रंग चढवला, की नवे लाकूड आणि जुने लाकूड यांत फरकच उरत नाही. मग एवढे सायास करून ते गावाहून आणायचे कशाला? सोफ्याचे लाकूड खांबांच्या रंगाला जुळवून घ्यावे.

कॅम्प परिसर

आपले म्हणणे पटले. रंगाची सूचना मी मागे घेतो. मध्यरेषेचा आग्रह मात्र कायम आहे.

निपाणीची लेक

दादा, आपल्या आईंच्या झोपाळ्याबद्दल कोणीच लिहिले नाही. स्लॅब आधीच पडला आहे, म्हणून काळजीने लिहिते. झोपाळ्याची कडी स्लॅब भरण्यापूर्वी बीमच्या लोखंडात अडकवून घ्यावी लागते. नंतर नुसत्या स्लॅबला भोक पाडून बसवलेल्या हुकावर तीन मोठी माणसे बसून झोका घेणार असतील, तर ते धोक्याचे आहे. झोका घेताना पडणारा भार बसलेल्या माणसांच्या वजनापेक्षा जास्त असतो. तेव्हा बीमलाच दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या आवळून कडी घेता येईल का, हे इंजिनिअरला विचारावे. जुन्या तुळईवर झोपाळा टांगू नये. आमच्या माहेरी झोपाळा सोप्याच्या कडेला, अंगणाकडे तोंड करून होता आणि येणारा-जाणारा आधी तिथे टेकायचा. आपणही तो कट्ट्याच्या खिडकीजवळ, पुढे-मागे तीन-तीन फूट मोकळे सोडून टांगावा. कॅम्प परिसर यांची मध्यरेषा त्यामुळे थोडी मोडली तरी चालेल.

दुसरे कापडांविषयी. मखमली पडदे आणि जाड गालिचे आपल्या पावसात टिकत नाहीत. अथणीकडे कोरड्या हवेत ते ठीक आहेत. बेळगाव-खानापूरकडे मात्र मृगापासून गणपतीपर्यंत ऊन नावालाच असते आणि मखमलीला कोंदट वास येतो. त्याऐवजी धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदचा जमखाना (जाड सतरंजी) घ्यावा. तो सुती असतो, तिथल्या स्त्रिया उभ्या मागावर हाताने विणतात, त्यावरची भौमितिक नक्षी आणि मोर लांबूनही उठून दिसतात, आणि त्याला भौगोलिक मानांकनही आहे. लोड-तक्क्यांना पांढरे अभ्रे आणि त्यांच्या टोकांना गुळेदगुड्डच्या खणाच्या पट्ट्या लावाव्यात. सगळेच अभ्रे खणाचे शिवले तर बैठक फार भडक होते.

हल्याळ आणि खानापूरच्या रानाकडच्या सिद्दी बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची कौदी (गोधडी) शिवतात. तीही कट्ट्यावर पसरता येईल. तिच्या कडेपासून आत आत जाणारे टाके जवळून पाहण्यासारखे असतात.

मागवाला

मी बेळगावातल्या शहापूरचा. आमच्या भागात सांगली संस्थानाच्या काळापासून हातमाग होते. खणाबद्दल ताईंनी योग्य लिहिले आहे, त्याला एक पुस्ती जोडतो. खणाचा पन्हा (कापडाची रुंदी) अरुंद असतो, म्हणून गादीच्या खोळीला जोड द्यावा लागतो आणि बसण्या-उठण्याने तो जोड उसवतो. काठापुरता वापरण्यातच त्याची शोभा आहे. घरात जुन्या शहापुरी किंवा इरकली साड्या असतील, तर जरीचा काठ आणि पदर सांभाळून ठेवावेत. मधले अंग विरलेले असते, काठ मात्र शाबूत निघतो. पातळ सुती पडद्याच्या खालच्या बाजूला तो काठ लावला की पडद्याला वजन येते आणि वाऱ्याने तो फडफडत नाही. उन्हाच्या खिडकीला मात्र रेशमी काठ लावू नये, रंग उडतो.

मलप्रभाकाठ

आपण सर्वांनी इतक्या आत्मीयतेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. तळखडा यांची खिडकीची सूचना आमच्या इंजिनिअरने मान्य केली असून खिडकी खाली घेऊन कट्टा बांधायचे ठरले आहे. बंधूंनी मखमलीचा हट्ट सोडला, मी त्यांची मध्यरेषा मान्य केली. आणखी दोन प्रश्न आहेत. जमीन कशाची करावी? आणि भिंतींवर काय लावावे? आमच्याकडे रविवर्म्याच्या छापखान्यातल्या लक्ष्मी आणि सरस्वती यांच्या दोन जुन्या तसबिरी आहेत. पितळी समया, घंगाळ, हंडे आहेत. नात्यातल्या एकाने सावंतवाडीची लाकडी फळेही भेट दिली आहेत.

तळखडा

जमिनीसाठी माझा कौल लाल ऑक्साइडच्या कोब्याला (घोटलेल्या सिमेंटच्या लाल जमिनीला) आहे, परंतु हात बसलेला गवंडी मिळाला तरच. ओला सिमेंटचा थर पुरता आवळण्याआधी त्यावर रंगाचा थर घोटावा लागतो, रंगाचे प्रमाण सिमेंटच्या वजनाच्या दहाव्या भागावर जाऊ नये, आणि नंतर निदान आठवडाभर पाणी उभे ठेवावे लागते. सलग मोठी जमीन केली की तडे जातात, म्हणून चार-चार फुटांवर काचेच्या किंवा पितळी पट्ट्या घालून चौक करावेत. असा गवंडी न मिळाल्यास घोटलेली शहाबादी फरशी घ्यावी. नक्षीच्या सिमेंट फरश्याही आहेत. त्या भट्टीत भाजत नाहीत, साच्यात रंग ओतून दाबयंत्राने दाबतात आणि पाण्यात मुरवतात. मुंबईत 1922 पासून त्या बनत आहेत. तुम्हाला त्या हव्याच असतील, तर जमखान्याएवढाच चौक मध्ये घ्यावा आणि मग जमखाना दुसरीकडे अंथरावा. नक्षीवर नक्षी नको.

दिवे 2700 ते 3000 केल्विनचे पिवळसर घ्यावेत आणि बहुतेक दिवे डोळ्यांच्या पातळीला, भिंतीवर किंवा तिवईवर ठेवावेत. बंधूंचे झुंबर जेवणाच्या मेजावर, खांबांच्या पलीकडे टांगावे. तिथे ते डोक्याला लागणार नाही आणि तुळईखालून दिसतही राहील.

निपाणीची लेक

तसबिरींविषयी मी लिहिते. रविवर्म्याचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला. त्या काळचे मूळ छाप असतील, तर ती कागदाची वस्तू आहे, हे ध्यानात ठेवावे. बाहेरच्या भिंतीवर, जिथे पावसाची ओल येते, तिथे त्या लावू नयेत. आतल्या भिंतीवर, उन्हापासून दूर लावाव्यात. मागचा जुना लाकडी पुठ्ठा आम्लाने कागद पिवळा करतो, म्हणून चौकट तीच ठेवून पुठ्ठा तेवढा बदलावा आणि काच कागदाला टेकणार नाही, एवढे अंतर राखावे.

पितळेची भांडी एकावर एक रचून शोभेचा मनोरा करू नये. एक घंगाळ पोर्चमध्ये पाणी आणि फुलांसाठी, दोन समया देवघराच्या चौकटीपाशी, बाकीची भांडी माळ्यावर ठेवावीत आणि सणावाराला बदलावीत. चिंचेने घासलेले पितळ पावसाळ्यात चार दिवसांत पुन्हा काळवंडते, त्यामुळे जेवढे नित्य घासणे होईल, तेवढेच बाहेर ठेवावे. सावंतवाडीच्या फळांशेजारी गोकाकची लाकडी फळे-भाज्या मांडल्या, तर दोन्हीकडच्या कारागिरांचा हात शेजारी-शेजारी पाहता येईल. ती एकाच कोनाड्यात असावीत.

रंधा

कामाच्या क्रमाविषयी एवढेच सांगायचे राहिले होते. घर दिवाळीनंतर, भाताची कापणी आटोपल्यावर उतरवावे, म्हणजे गावात माणसेही मिळतील आणि लाकडाला पुढे कोरडे महिने मिळतील. उतरवलेले लाकूड उन्हात टाकू नये. सावलीत, जमिनीपासून वीतभर वर, दोन थरांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या देऊन रचावे आणि वारा खेळू द्यावा. नव्या घराचा गिलावा आणि जमीन यांचे पाणी पूर्ण सुकल्याशिवाय खांब आत आणू नयेत, कारण ओल्या घरात कोरडे लाकूड फुगते आणि उन्हाळा आला की तडकते. खांब उभे झाल्यावर रंगारी येणार असतील, तर ते गोणपाटात गुंडाळावेत, प्लास्टिकमध्ये नको. शेवटचा मेणाचा हात रंगारी गेल्यानंतर द्यावा. आरामखुर्चीचा वेत तुटलेला असल्यास बेळगावात अजून विणणारे आहेत. खुर्ची त्यांच्याकडे नेण्याआधी पॉलिश करून घ्यावे. आधी वेत विणला, तर पॉलिशचे डाग त्यावर पडतात.